पट्टीखालचा उजेड

१६ ऑगस्ट, शनिवार

नळाचं पाणी गोठलेलं, ऑगस्ट म्हणजे इथला ऐन हिवाळा. शेडमध्ये हातमोजे घालून काम. प्रेशर गेज एकदाचं जागेवर बसलं, बॉयलरचा दाखलाही हातात आला. इंजिन तयार, करवतीचा बाक तयार, पट्टा तयार. राहिलं फक्त करवतीचं पातं.

दीड वर्ष झालं, दर शनिवारी जुन्या यंत्रांच्या या शेडमध्ये हौशी मंडळींबरोबर या म्हाताऱ्या यंत्राच्या नादी लागून. एकोणिसाव्या शतकातलं, चाकांवरचं वाफेचं इंजिन, आणि त्याच्या पट्ट्यावर फिरणारी गोल करवत. बैल जुंपून जंगलात न्यायची, ओढ्याकाठी मांडायची, झाडं संपली की आवरून पुढच्या जंगलात. अख्खा कारखाना बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडायचा. आम्हीही पुणे, मग ऑकलंड, मग हॅमिल्टन, तिथेही दोन घरं बदलून शेवटी रोटोटुना. म्हणून असेल, पहिल्या दिवसापासून हे यंत्र आपल्यातलं वाटलं.

डेस आज नव्हता. यंत्र त्याच्या आजोबांचं. तो स्वतः जन्मभर लाकडाच्या गिरण्यांतून करवतीची पाती ठोकून सरळ करत हिंडला. या धंद्याला इथे सॉ डॉक्टर म्हणतात. (शनिवारी संध्याकाळी घरी गेले की नवऱ्याचा, श्रीचा, ठरलेला विनोद: "डॉक्टरांचा राउंड झाला का?") वय ८६. एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं 'डेस' म्हणायला पहिले सहा महिने माझी जीभ वळत नव्हती. आता रोजनिशीतसुद्धा अरे-तुरे.

गुरुवारी घराच्या पायरीवरून घसरला. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं. दुपारी हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. पांढराफटक, पण तोंड चालू. ऑक्टोबरअखेरच्या लेबर वीकेंडला, शेडच्या ओपन डेला करवत चालवायचीच, म्हणाला. तो तरुण असताना शेवटची चालली होती. निघताना मी विचारलं, पात्याचं काय करायचं? तर म्हणतो, "लीव्ह इट, आना. आय'ल सी टु इट." (अनघा त्याला जमत नाही.)

उठून बसता येत नाही, आणि म्हणे राहू दे, मी बघतो. किती तो संकोच!

२३ ऑगस्ट, शनिवार

पातं भिंतीपासून काढलं. चार फुटांचं, दोघांनी उचलावं लागतं. पुसून ऐरणीवर आडवं घातलं, एक कड जरा उचलली आणि वर पट्टी धरली. मधोमध उजेड. चांगला नखभर.

इतकी वर्षं भिंतीला टेकून उभं. वाकणारच की.

बाबांची आठवण झाली. चिंचवडच्या कंपनीत टूलरूममध्ये फिटर होते. पट्टीखालून उजेड दिसला की काम नापास, मग करणारा कितीही जुना असो. घरात पोळपाटालाही पट्टी लावून बघायचे, आई वैतागायची. तेच वळण मला लागलंय. ऑफिसात मोजमाप विभागात आहे ते काही उगाच नाही. लोकांच्या घरी भिंतीवरची फ्रेम तिरकी असली तर मला धड चहा पिता येत नाही.

ठरवलं. डेस परत येईपर्यंत पातं सपाट करून ठेवायचं. डेसला कुणी बोलायचं नाही, शेडमध्ये सांगून ठेवलं.

३० ऑगस्ट, शनिवार

डेसच्या पेटीला कुलूप नसतं. त्यातलाच हातोडा घेतला, गोल तोंडाचा, दांडा हाताने झिजून मध्ये बारीक झालेला. मधला भाग सैल होता, म्हणजे कडेचं लोखंड ताणायला हवं, एवढं गणित कळतं मला. कडेने गोल गोल ठोकत गेले. दोन तास. उजेड निम्म्यावर आला.

खांदा दुखतोय. मस्त वाटतंय.

६ सप्टेंबर, शनिवार

झालं!! कुठूनही पट्टी फिरवा, उजेडाचं नाव नाही. डायल गेज लावून बघितलं, अख्ख्या चार फुटांत केसाएवढा फरक. बाबा असते तर काही बोलले नसते, नुसती मान हलवली असती. त्यांच्याकडून तेवढं मिळायला वर्षवर्ष लागायचं.

७ सप्टेंबर, रविवार

इथला फादर्स डे. लेकीचा, ईराचा, पोरिरुआहून श्रीला फोन, मग माझ्याकडे. मी मराठीत, ती इंग्रजीत, नेहमीसारखं. पात्याचं सांगितलं.

"डिड ही आस्क यू टु?"

म्हटलं अगं, तो कसा सांगेल, आजारी माणूस आहे.

"आई. डिड ही आस्क यू टु?"

हिला कधी कळायच्या आपल्या गोष्टी. भोपळ्याच्या घारग्या केल्या, चांगल्या झाल्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

डेस आला. चाकांचा वॉकर ढकलत, मुलीने सोडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे उभी. सरप्राईज ना.

सरळ पात्याकडे गेला. कुणाला तरी ते उभं धरायला लावलं, डाव्या हाताने वरची कड पकडली आणि एक हिसका दिला. परत दिला. कान जवळ नेला.

मग विचारलं, "हू'ज बीन अ‍ॅट इट?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी, महामूर्ख, हसत हसत पुढे झाले. म्हटलं मी. डेड फ्लॅट केलंय, चेक करा.

त्याने पट्टी मागितली नाही. पात्याच्या मध्यावर अंगठा फिरवत राहिला, आधीचे जुने पुसट ठोके आहेत तिथे. नंतर फक्त एवढंच म्हणाला, "दॅट वॉज डॅड्स लास्ट वन." आणि वॉकर वळवून बाहेर.

मुलगी येईपर्यंत अर्धा तास पार्किंगमध्ये उभा राहिला. थंडीत. आत आला नाही.

तेच, अजून

झोप नाही, म्हणून लिहिते. शेडमधल्या एकाने, पार्किंगमध्ये डेसशी बोलून आल्यावर, समजावलं. ते पातं बिघडलेलंच नव्हतं. मध्ये सैल असायलाच हवं. डेसच्या वडिलांनी ते तसं ठोकून ठेवलं होतं, मरायच्या वर्षी, आणि डेसने त्यावर आजवर हातोडा टेकवला नव्हता. मी बघतो म्हणजे नुसतं बघणार होता.

आणि मी वडिलांचा हात पुसून टाकला. मुलाच्याच हातोड्याने.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी वही-पेन घेऊन बसले. फिरणारी चकती. कड सगळ्यात जोरात फिरते, ताणली जाते, लाकडाला घासून तापते, वाढते. मधला भाग मागे राहतो. पातं थांबलेलं असताना सपाट असेल तर फिरताना कडेला जागाच उरत नाही, ते नागमोडी हलायला लागतं. म्हणून आधीच मधला भाग ठोकून मोठा करून ठेवायचा. थांबलेलं असताना सैल, फिरायला लागलं की ताठ.

हे मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सोडवलंय. पेपरात आलं होतं. पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते! आणि खरं पातं समोर आलं तेव्हा पट्टी लावून मोकळी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

श्रीला सांगितलं. एकही विनोद केला नाही त्याने. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

२० सप्टेंबर, शनिवार

डेस आला नाही. फोन केला, मुलीने उचलला, "ही'ज हॅव्हिंग अ लाय-डाऊन." सॉरीचं कार्ड टाकलं होतं, पोचलं म्हणाली.

२७ सप्टेंबर, शनिवार

आला. इंजिनापाशी खुर्ची टाकून बसला. सगळ्यांशी बोलला. मी तेलाचा डबा घेऊन दोनदा समोरून गेले, तर 'मॉर्निंग' एवढंच.

डबा खाताना ओपन डेची चर्चा. नवीन पातं मागवायचं का, कुणीतरी विचारलं. डेस म्हणाला, या बाकावर नवीन पातं चढणार नाही, माझ्या हयातीत नाही. "इंजिन फिरू द्या नुसतं. पोरांना शिट्टी ऐकवा." कुणी वाद घातला नाही.

म्हणजे माझ्यामुळे करवत चालणार नाही. आणि परत कधी? ८६ वर्षांचा आहे. दुसऱ्या कुणाला हे काम येत नाही या भागात.

परतताना दोन्ही बाजूंनी कुरणं, गाई, क्षितिजापर्यंत हिरवं. हे सगळं पूर्वी काहिकाटेआच्या उंच झाडांचं जंगल. असल्याच यंत्रांनी कापलं, लोणी भरायच्या खोक्यांसाठी. मी ज्या कंपनीत कामाला आहे ती दुधाच्या मशिनचे भाग बनवते. कशाचं कौतुक करत होतो आपण शनिवार-शनिवार? डेसला एकदा विचारलं होतं हे. म्हणाला, आजोबांनी फार कापलं, पण वाकडं कापून वाया नाही घालवलं. तेवढंच त्यांच्या हातात होतं. मला तेव्हा उत्तर पुरेसं वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही. पण निदान त्यांनी वाया घालवलं नाही. मी घालवलं.

शनिवारी जाणं बंद करावं का?

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

बाबा आजच्या दिवशी सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडायचे. हातोडे, कानशी, कॅलिपर. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. आज त्यांना हात लावायचा नाही, त्यांचा दिवस. एरवी देवाला हात न जोडणारा माणूस, पण हे चुकायचं नाही.

ऑफिसातून तीनला निघाले. शेडच्या चावीवाल्याला फोन केला होता. वाटेत डेअरीतून (इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात) फूल घ्यावं म्हटलं तर झेंडू कुठला या दिवसांत, पिवळे डॅफोडिल मिळाले. चालतील. डेसच्या पेटीतून तो हातोडा काढला. पुसला. स्वच्छ टॉवेलवर ठेवला, शेजारी पट्टी. हळद, कुंकू, फूल. माफी कुणाची मागायची ते कळत नव्हतं, सगळ्यांचीच मागितली.

मागे वॉकरची चाकं वाजली. चावीवाल्याने त्याला कळवलं असणार.

"व्हॉट'स द यलो स्टफ?"

सांगितलं. आज हत्यारं वापरायची नाहीत, त्यांचे आभार मानायचे. बाबांबद्दल सांगितलं. पोळपाटाबद्दलपण, का कोण जाणे. ऐकून घेतलं सगळं. मग वॉकरच्या सीटवर बसला आणि विचारलं, तीन आठवडे मनात असणार त्याच्या: "मी सांगितलं होतं, राहू दे, मी बघतो. स्पष्ट. मग का हात लावलास?"

खरं तेच सांगितलं. आमच्या घरात मोठ्या माणसाने 'राहू दे, मी बघतो' म्हटलं की आपण उठून ते काम करायचं असतं. बसून राहिलं तर बेशिस्त. आई ऐंशीव्या वर्षी म्हणायची, राहू दे गं, मी घासते भांडी. घासू दिली असती तर जन्मभर बोल लागला असता.

त्याने विचारलं, "मग खरंच हात लावू नये असं असेल तर काय म्हणता तुम्ही?"

म्हटलं, 'हात लावलास तर बघ!' म्हणतो. तेही दोनदा.

हसला. म्हणजे नाकातून वारा सोडला, डेसचं हसू तेवढंच असतं. मग हातोड्याकडे बघत म्हणाला, "बिलॉन्ग्ड टु डॅड. नोबडी एव्हर गेव्ह इट अ फ्लॉवर."

जाताना: "सॅटर्डे. एट ओ'क्लॉक. डोन्ट ईट अ बिग ब्रेकफस्ट."

गाडीत बसून रडले. चांगली पाच मिनिटं.

४ ऑक्टोबर, शनिवार

त्याच्या उजव्या हाताला कंप आहे. आधीही होता, मी एवढं लक्ष दिलं नव्हतं. हातोडा धरता येत नाही. म्हणून: मी ठोकायचं, त्याने डावा पंजा पात्यावर ठेवून सांगायचं.

पहिला प्रश्न, इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर चालवणार? पातं त्या एका वेगासाठी ठोकतात. वेग बदलला की पातं चुकलं. मी आकडा दिला, तो त्याने मनात कुठेतरी ठेवला. कागद नाही.

खडूने गोल आखले. कडेला हातही लावायचा नाही, भोकाजवळही नाही, मधल्या पट्ट्यातच. "इथे. अजून आत. हं." तीन ठोक्यांनंतर थांबवलं. "रागावलीयस का त्याच्यावर? हातोडा नुसता पडू दे. वजन त्याचं त्याला आहे."

सकाळभर. दोन्ही बाजूंनी. शेवटी कड उचलून पट्टी धरली तर मधे एक बारीक रेघ उजेडाची. इतका आनंद मला उजेड नसण्याचा कधी झाला नव्हता.

"तुझ्या बापाला चालला नसता हा," डेस म्हणाला. म्हटलं, समजावलं असतं तर चालला असता. अर्थात समजावणार कोण.

११ ऑक्टोबर, शनिवार

जास्त ठोकलं. माझीच घाई. तो जरा बाथरूमला गेला, तेवढ्यात मी आणखी दोन फेऱ्या मारल्या, वाटलं तेवढंच पुढे जाईल. अति तिथे माती. आता पातं उभं केलं की मधला भाग इकडून तिकडे टकाटक उलटतो, जुन्या डब्याच्या झाकणासारखा.

मला वाटलं, संपलं आता. डेस आला, हिसका देऊन बघितला. परत तो नाकातला वारा.

"या चुकीपर्यंत यायला मला दोन वर्षं लागली होती. तू दुसऱ्याच शनिवारी आलीस." मग कडेने थोडं ठोकून काढून घ्यायला लावलं. म्हणजे माझं ऑगस्टमधलं काम, पण या वेळी माप माहीत असून. तीन वाजेपर्यंत जागेवर आणलं.

न विचारता काही करायचं नाही, एवढा एक धडा मला देवाने किती वेळा शिकवायचा. ईराला फोनवर सांगितलं तर "हीप्स ऑफ टाइम्स, आई" म्हणाली. हसलो दोघी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज नवीन ठोके जवळजवळ नाहीत. नुसतं तपासणं. उजेड सगळीकडून सारखा, फिरवून फिरवून बघितला. मग पातं उभं केलं, डेसने डोळे मिटले, कड धरून हलवलं. एकदाच. मधून हलकीशी लाट गेली आणि शांत झालं.

विचारायचा धीर होत नव्हता, तरी विचारलं. डॅडसारखं आहे का?

"नाही." थांबला. "डॅडसारखं व्हायला डॅड लागतील. हे निराळं आहे. फिरेल असं वाटतं."

मग त्यांच्या घरातली रीत सांगितली. चालत्या करवतीच्या रेषेत, म्हणजे पात्याच्या बरोबर समोर, कुणी कधीही उभं राहायचं नसतं. दात तुटला, लाकडाची ढलपी उडाली, तर तिथेच येते. पण ठोकलेलं पातं पहिल्यांदा फिरतं तेव्हा एकाने तिथे उभं राहायचं असतं: ज्याने ठोकलं त्याने. कारण तिथूनच दिसतं. पातं उभी बारीक रेघ दिसली, तर काम झालं. रेघ जाड व्हायला लागली, हलायला लागली, तर हात वर करायचा आणि इंजिन थांबवायचं. त्याचे आजोबा उभे राहिले, वडील राहिले, तोही प्रत्येक पात्यासमोर राहिला. "दुसऱ्याला तिथे उभं करायचं असेल तर ठोकायच्या भानगडीत पडू नये."

आता मधे जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा असतो, नियमच आहे. त्यांच्या वेळी काही नसायचं.

म्हटलं, राहीन उभी.

१९ ऑक्टोबर, रविवार

श्री चिडला. क्वचित चिडतो, म्हणून घाबरायला होतं. "छंद म्हणून गेलीस ना तू तिथे? तू काय गिरणीत कामाला आहेस का? कॅमेरा लावा म्हणावं समोर!"

कॅमेऱ्याचं मीही विचारलं होतं डेसला. म्हणाला, पातं कॅमेऱ्याने ठोकलंस का? ज्याने ठोकलं त्याने बघायचं.

श्रीला हे सांगितलं तर आणखीनच भडकला. दुपारभर अबोला. शेवटी चकल्या पाडताना सोऱ्या धरायला आला. "पत्रा किती जाड आहे तो?" सांगितला. "मी मोजून बघणार." मोज म्हटलं.

खरं तर मलाही भीती वाटते. पत्रा आहे, मला काही होणार नाही, ते माहीत आहे. भीती ती नाही. रेघ जाड झाली तर मला हात वर करावा लागेल, सगळ्यांसमोर, डेससमोर. आणि मग त्याला दुसरा चान्स आहे का, ते कुणालाच माहीत नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटे अभ्यंगस्नान, उटणं अर्धं आंघोळीच्या टबात. संध्याकाळी डेसकडे फराळ. चकली बोटात धरून उजेडात बघितली, फिरवली. "हे यंत्राने करता?" म्हटलं, हातयंत्र आहे. पितळी, सासूबाईंचं, लग्नात मिळालेलं. बघायला येणार आहे.

त्याच्या मुलीने दारात हळूच सांगितलं, खुबा नीट बसत नाहीये. दुसरं ऑपरेशन बहुतेक नोव्हेंबरात. त्याला भूल मानवत नाही. "ही वोन्ट टॉक अबाउट इट. ही ओन्ली टॉक्स अबाउट द सॉ."

२५ ऑक्टोबर, शनिवार

पातं चढवलं. हाताने फिरवलं. दात मोजले, बोल्ट तपासले. मॅक्रोकार्पाचा ओंडका आणून ठेवला, वादळात पडलेलं झाड, मुद्दाम कापलेलं नाही. श्रीने खरोखर पत्र्याची जाडी मोजली.

सोमवारी ओपन डे. उद्या सकाळी, लोक नसताना, पहिली फेरी. उद्याच कळेल. नीट फिरलं तर सोमवारी ओंडका लागेल. नाही तर नुसती शिट्टी.

२६ ऑक्टोबर, रविवार. शेड, सकाळ

साडेपाचला जाळ घातला. वाफ धरायला तीन तास घेते म्हातारी, घाई केलेली चालत नाही. म्हणून इथेच, ओंडक्यावर बसून लिहितेय. धुराचा वास. श्री थर्मासमधून सगळ्यांना चहा देतोय, आल्याचा, एक जण दुसऱ्यांदा मागून गेला.

पत्र्यामागे जमिनीवर खडूने फुली केली, माझी जागा. तिथून बघितलं: पातं अजून थांबलेलं, एक बारीक उभी रेघ. थांबलेलं असताना काय, सगळीच पाती सरळ दिसतात.

डेस आलाय. आज वॉकर नाही, काठी. मुलगी कुरकुरत होती. मला वाटलं इंजिनापाशी नेहमीच्या जागी बसेल. तर घडीची खुर्ची ओढत ओढत पत्र्यामागे आला, फुलीच्या शेजारी.

म्हटलं, "लीव्ह इट, डेस. आय'ल सी टु इट." मनापासून म्हटलं. त्याने तिथे असू नये असंच वाटत होतं मला. बिघडलं तर त्याच्या डोळ्यांदेखत नको.

त्याने खुर्ची उघडली. बसला. काठी दोन गुडघ्यांमध्ये.

"तुमच्या घरात असं कुणी म्हटलं की काय करायचं असतं," म्हणाला, "ते तूच सांगितलंस ना."

त्याने डावा पंजा खुर्चीच्या हातावर ठेवलाय, तोच, पात्यावर असायचा तो.

गेजचा काटा खुणेवर आलाय. शिट्टी झाली. पट्टा सरकवतायत. वही ठेव म्हणतोय, समोर बघ.

ठेवते.